साहेब शेवटी जेवतात

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. गॅरेजमधल्या जुन्या नटबोल्टसारखं त्यांचं असतं. टाकवत नाहीत म्हणून डब्यात पडून राहतात, आणि एखादा शोधायला हात घातला की मूठभर वर येतात. नसरापूरला आमच्या रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये असा एक डबा आहे, आणि त्याच्या शेजारच्या बाकड्यावर आम्ही बसतो. ब्रिगेडियर साहेबांचा विषय निघाला की त्या बाकड्यावर तेच होतं. एक सांगायला जावं तर दहा निघतात!

आम्ही म्हणजे तिघं. रशीदभाईंनी फौजेत ट्रक चालवले, आता लोकांच्या गाड्या दुरुस्त करतात. आबा राजगडाच्या पायथ्याचे, पालीचे. सुभेदार म्हणून रिटायर झाले. आणि मी भोरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेला मास्तर. फौजेशी माझा संबंध या दोघांच्या शेजारी बसून चहा पिण्यापुरता. वाद पेटला की दोघं एकदम म्हणतात, "मास्तर, तुमी सिव्हिलियन! तुमी गप ऱ्हावा!"

साहेब चौथे. ब्रिटिश फौजेतून ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालेला, पंचाहत्तरीकडे झुकलेला, काठीसारखा सरळ माणूस. बायको वारल्यापासून दरवर्षी पावसाळ्यात येतात, आबांच्या घरी माडीवर राहतात आणि दिवाळी करून जातात. त्यांचं बोलणं मराठीत आणायचं काम माझ्याकडे. तेवढ्यापुरता मी सिव्हिलियन नसतो.

*

आबांची आणि साहेबांची ओळख परदेशातली. शांतिसेनेत आपली एक पलटण गेली होती, तिथल्या एका चौकीवर आबा सुभेदार होते. साहेब तेव्हा कर्नल, सगळ्या चौक्यांना रसद नीट पोचते का ते बघायचं काम. एकदा रस्ता बंद झाला आणि साहेब आबांच्या चौकीवर अडकले. बाहेर बर्फ, आत रेशन संपत आलेलं.

आबांनी त्यांच्यापुढे एक रोटी ठेवली. साहेबांनी विचारलं, "जवान जेवले?"

"जेवले, साब."

"आणि तुम्ही?"

"म्या बी जेवलो, साब."

साहेब उठले आणि सरळ लंगरात, फौजी स्वयंपाकघरात, जाऊन भांडी बघून आले. भांडी रिकामी. काही न बोलता त्यांनी रोटी मोडून अर्धी आबांच्या पुढे धरली आणि म्हणाले, "आधी तुम्ही."

आबा हा किस्सा सांगताना इथे थांबतात, चहाचा घोट घेतात. "आता सायबाच्या आधी कसं खायाचं? पर त्यो म्हनला, धिस इज अ‍ॅन ऑर्डर. मग काय! 'जी, साब' म्हनलं आन् खाल्ली. सायबाच्या आधी जेवायचा हुकूम मोडायचा नसतो."

मागून साहेबांनी आपली अर्धी खाल्ली. ही दोस्ती त्या अर्ध्या रोटीवर उभी आहे, तीसेक वर्षं.

*

पहिल्यांदा साहेब पालीला आले ते एसटीनं. आम्ही स्वारगेटला गाडी पाठवतो म्हणत होतो, पण ऐकतील तर ना! खिडकीजवळ जागा मिळाली. नसरापूरला एक म्हातारी चढली, डोक्यावर पाटी, हातात पिशवी. साहेब ताडकन उठले आणि त्यांनी तिला जागा दिली.

म्हातारीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढऱ्या भुवया, लाल झालेलं तोंड. "आरं बाबा, तूच बस. माज्यापक्षा म्हातारा हाईस तू!"

साहेबांना काही कळलं नाही. ते हसून उभेच. म्हातारीही बसेना. मार्गासनीपर्यंत दोघं त्या रिकाम्या सीटच्या दोन बाजूंना दांडा धरून उभे! शेवटी कंडक्टरनं तिकिटांची पेटी त्या सीटवर ठेवली आणि म्हणाला, "बरं, मग हिला बसू द्या."

*

इंग्रज ब्रिगेडियर म्हटल्यावर रशीदभाईंना लढायांच्या गोष्टी हव्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला पुढे केलं. "मास्तर, इचारा, किती लढाया जिंकल्या?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाले, "माझी निम्मी नोकरी हरवलेली ब्लँकेटं शोधण्यात गेली."

रशीदभाईंचा चेहरा पडला. मग एकदम फुलला. "म्हंजी आमच्यावानीच की! आमच्या कंपनीत बी ब्लँकेटंच हरवायची!" त्यांनी साहेबांच्या पाठीवर ग्रीसच्या हातानं थाप मारली. तो शर्ट साहेबांनी अजून धुवून टाकलेला नाही, म्हणजे धुतात, पण डागासकट वापरतात.

गडावर नेलं तेव्हाही हेच. बरोबरची पुण्याची मुलं बुरूज दाखवत होती, तोफा कुठे ठेवत असतील ते सांगत होती. साहेब पाण्याच्या टाक्यापाशी खाली बसलेले. इथून वरपर्यंत पाणी कोण नेत असेल, किती जण लागत असतील, पाऊस कमी झाला तर काय करत असतील, हे प्रश्न. ती मुलं गप्प झाली. उतरताना साहेब मला म्हणाले, "भिंती सगळेच बघतात. पण भिंतीवर उभा असलेल्याला तहान लागते, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं." मी या गडावर लहानपणापासून जातोय. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या टाक्यांकडे नीट बघितलं.

*

"जनरल का न्हाई झाला?" हा प्रश्न रशीदभाईच विचारू शकतात. मी भाषांतर करायला कचरलो, पण साहेबांना 'जनरल' एवढं कळलंच.

ते म्हणाले, "एका मीटिंगमध्ये खरं बोललो."

पलटण मोहिमेवर जायची होती. तयारी झाली का, असं वरच्यांनी विचारलं. सगळे हो म्हणाले. साहेब म्हणाले, नाही, बूट बरोबर नाहीत, तिथल्या चिखलात टिकणार नाहीत. त्यांच्या पुढच्या बढतीचं नाव त्या दिवसापासून निघालं नाही.

"मग बूट?" आबांनी विचारलं.

"नंतर आले. दुसऱ्या साहेबाच्या सहीनं."

"आले न्हवं? पोरांच्या पायात गेले न्हवं?" आबा म्हणाले. "मग झालासा की जनरल."

मी हे इंग्रजीत सांगितलं. साहेब बराच वेळ टायरच्या ढिगाकडे बघत बसले. नंतर खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं, आणि रशीदभाईंनी उगाचच कोणाला तरी पाना शोधायला पाठवलं.

*

आंबवड्याला एका जुन्या जवानाची विधवा राहते. आबा दरवर्षी तिला भेटायला जातात, तसे साहेबांनाही घेऊन गेले. म्हातारीनं चहा दिला. हे राणीच्या फौजेतले म्हटल्यावर तिनं पदर सावरला आणि चौकशी केली. "रानी गेली म्हनं तुमची. लई वाईट झालं. मग आता पेन्शन कोन देतं?"

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तिचा मुलगा."

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. "पोरगं देतंय? नशीबवान हाईसा बाबा!"

येताना गाडीत मी हसत होतो. साहेब आधी हसले, मग खिडकीबाहेर बघायला लागले. "माझी मुलं चांगली आहेत," ते म्हणाले. "रविवारी फोन करतात."

*

पंधरा ऑगस्टला शाळेच्या बाईंनी साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं. त्यांना ते फौजी आहेत एवढंच माहीत! मी विचारलं, "बाई, इंग्रज माणूस, स्वातंत्र्यदिन..." बाई लाजल्या, पण आमंत्रण गेलेलं होतं.

साहेब आले, पण स्टेजवर चढेनात. "तिथे माझी जागा नाही," म्हणाले आणि मागे पालकांमध्ये छत्री धरून उभे राहिले. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, साहेब ताठ. मग बाईंना राहवलं नाही. "पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत!"

सगळ्या माना मागे वळल्या. साहेबांना मराठी येत होतं ते गॅरेजमधलं. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की रशीदभाई जे म्हणतात ते साहेबांच्या तोंडी पक्कं बसलेलं. ते दोन पावलं पुढे आले, मुलांकडे बघितलं आणि म्हणाले, "आमाला जायाला... उशीर झाला. माफी."

मग मागून रशीदभाई असे हसले की पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्या. टाळ्या थांबेनात. एक म्हातारे शेतकरी पुढे येऊन साहेबांचा हात धरून म्हणाले, "तवा उशीर केलासा. आता पाव्हनं म्हनून आलाय न्हवं? आता सावकाश जावा!"

*

सगळ्यात अवघड प्रकरण पंगतीचं.

आबांच्या भावकीत जूनमधल्या शेवटच्या मुहूर्ताचं लग्न होतं. पहिल्या पंगतीत साहेबांचा पाट मांडलेला, मानाचा. साहेब बसेनात. त्यांच्या फौजेत अधिकाऱ्यानं सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, ही रीत. आमच्याकडे पाहुण्यानं पहिल्या पंगतीला बसायचं, ही रीत. पाहुणा बसेना म्हणून पंगत खोळंबली. पंगत खोळंबली म्हणून नवरदेवाचे मामा रुसले. "आमचं अन्न चालत न्हाई का सायबाला?"

मी समजावत होतो. आबा कपाळाला हात लावून उभे. शेवटी रशीदभाईंनी तोडगा काढला. आमटीची बादली आणि पळी आणून साहेबांच्या हातात दिली. वाढप्यानं शेवटी जेवायचं हे तर आमच्याकडेही चालतं! साहेब खुशीत वाढायला लागले. लग्नातल्या पोरांनी आमटी नको असताना चार चार वेळा मागून घेतली. मामांनीही घेतली.

रात्रीच्या गप्पांत मी विचारलं, ही रीत तुम्हाला कोणी शिकवली?

"एका सार्जंटनं," साहेब म्हणाले. नोकरीचा पहिला हिवाळा, सराव चालू होता. साहेब तेव्हा विशीतले लेफ्टनंट, दिवसभर भिजलेले, भुकेले. स्वयंपाक झाल्याबरोबर पुढे गेले आणि त्यांनी ताट भरून घेतलं. वयानं दुप्पट असलेला सार्जंट आला, ताट त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं, रांगेतल्या पहिल्या पोराला दिलं आणि म्हणाला, "सर, ह्याचं ताट चुकून तुमच्याकडे आलं."

"मला ओरडला असता तर मी विसरलो असतो," साहेब म्हणाले.

*

आता सायलीचं सांगायला हवं, कारण पंगतीचं प्रकरण झालं त्या वर्षी आमच्या सगळ्या गप्पा तिच्यापाशी येऊन थांबायच्या.

सायली आबांची नात. मुलगा-सून गडावर येणाऱ्यांसाठी खानावळ चालवतात, पिठलं-भाकरी, चहा. ती भोरला कॉलेजला गेली, पळायला लागली, परीक्षा दिल्या, मुलाखत दिली आणि फौजेत अफसरांच्या ट्रेनिंगला तिची निवड झाली. सगळ्या पालीनं पेढे खाल्ले. आबांनी खाल्ले नाहीत. घरात आबांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. आई-बाप म्हणाले, आबा म्हणतील तसं.

"आबा, तुम्ही स्वतः सुभेदार," मी एकदा चिडून म्हटलं. "तुम्हीच आडवे येता?"

"म्या सुभेदार व्हतो म्हनून तर येतो," आबा म्हणाले. "तुमी सिव्हिलियन, तुमाला दिसत न्हाई. अफसर म्हंजी जेवताना शेवटी आन् गोळी खाताना पयला. पोरासारका एक सायब म्या हातानं उचलून आनलाय, मास्तर. त्या जागंवर माजी नात नगं."

मला राग आला होता, तो तिथेच गेला. रशीदभाईंनी रेडिओ बंद केला.

मग आबा साहेबांकडे वळले. "सायब, ती तुमचं ऐकती. तुमी तिला सांगा, नगं म्हनून." मी हे इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाले, "मी तिच्याशी बोलेन."

*

साहेब बोलले ते आबांच्या घरी, दुपारी, जेवणाच्या वेळी. काकू, म्हणजे आबांची बायको, चुलीपाशी. आबा, मी, रशीदभाई पानावर. साहेब नेहमीसारखे दाराशी उभे, सगळ्यांचं होईपर्यंत. सायली भाकरी वाढत होती.

साहेबांनी तिला एकच प्रश्न विचारला. "सगळे जेवत असताना भुकेलं उभं राहणं तुला जमेल?"

माझ्या भाषांतराची गरज नव्हती. तिला कळलं. तिनं मराठीतच उत्तर दिलं, बहुतेक आबांना ऐकू जावं म्हणून. "साहेब, आमच्यात बायका शेवटीच जेवतात. आजीच्या मागं उभी राहूनच मोठी झालेय मी."

चुलीपाशी काकू भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "शेवटाला जेवून मानूस सायब हुतो व्हय? मग म्या तर लगीन झाल्यापास्नं जनरल हाय. मला न्हाई कुनी सलाम ठोकला."

रशीदभाई हसायला लागले आणि मधेच थांबले. मी साहेबांना शब्दाला शब्द सांगितलं.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांच्या फौजेत उघड्या डोक्यानं सलाम करत नाहीत, हे मला नंतर कळलं. लग्नात मानाची मिळालेली पांढरी टोपी खुंटीवर होती. ती त्यांनी घेतली, नीट डोक्यावर बसवली, चुलीसमोर येऊन उभे राहिले आणि काकूंना कडक सॅल्यूट केला. हात खाली आणला नाही.

काकू बघत राहिल्या. पिठाचा हात पदराला पुसला. डोळेही पुसले, धुरानं म्हणा हवं तर. मग म्हणाल्या, "आता तरी बसा जेवायला. भाकरी गार झाली."

आबांनी मान वर केली नाही. त्यांनी ताटातलं तसंच ठेवलं आणि उठून बाहेर गेले. माझ्या आठवणीत आबांनी अन्न टाकलेलं तेवढं एकदाच.

*

पुढे आबा गॅरेजवर यायचे, पण तो विषय काढायचे नाहीत. आम्हीही काढला नाही. जायचा दिवस जवळ आला. सायलीनं बॅग भरली, पण आबांनी हो म्हटलेलं नव्हतं आणि ती त्यांच्या होकाराशिवाय उंबरा ओलांडणार नव्हती. असं तिनं स्वतः मला सांगितलं. "मास्तर, नाही म्हणाले तर मी राहीन. पण मग मला भाकरी वाढायला सांगू नका."

जायच्या दिवशी काकूंनी गावजेवण घातलं. आबांना विचारलं नाही; घातलं. अंगणात लापशी, आमटी, भात. पहिल्या पंगतीत मध्यभागी सायलीचा पाट, रांगोळी काढलेला. शेजारी आबांचा, घरातले कर्ते म्हणून.

सायली पाटावर बसली नाही. आमटीची बादली साहेबांच्या हातात होती, भाताचं घमेलं तिनं उचललं. "बस की पोरी, आज तुजाच मान!" बायका ओरडल्या. ती हसून वाढत राहिली. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग आपल्या पाटाकडे. बसायला वाकले होते, ते तसेच सरळ झाले. कोपऱ्यातली लापशीची परात त्यांनी उचलली आणि वाढायला लागले. आबांना वाढताना गावानं पहिल्यांदाच बघितलं. लापशी कोणाच्या पानात डोंगराएवढी पडली, कोणाच्या बोटभर.

पंगती उठत गेल्या. मी जेवलो, रशीदभाई जेवले. शेवटच्या पंगतीला सायलीनं काकूंचा हात धरून त्यांना बसवलं. "म्या कशी बसू? ह्यांचं व्हायाचंय अजून," काकू म्हणाल्या. आबांनीच त्यांच्या पानावर लापशी वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाले, "जेव." काकू जेवल्या. मान खाली घालून, पण पोटभर.

अंगण रिकामं झालं. बाहेर टेम्पो उभा, बॅग चढवलेली. जेवायचे राहिले तिघं. साहेब बादली घेऊन दाराशी, आबा आणि सायली अंगणाच्या मध्यावर. भात तळाला लागलेला.

सायलीनं एक पत्रावळ मांडली. होतं ते वाढलं. पाण्याचा तांब्या ठेवला. मग बाजूला सरकून ती सरळ उभी राहिली, हात मागे.

"आबा," ती म्हणाली, "आधी तुम्ही."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग दाराशी उभ्या साहेबांकडे. साहेबांनी नजर वळवली नाही.

आबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. टोपी नीट केली. टाचा जुळवल्या.

"जी, साब," ते म्हणाले, आणि मांडी घालून जेवायला बसले.